वजा ५७५ मीटर

गेल्या हंगामात भाताची कापणी आणि मळणी उरकून शिवार मोकळे झाल्यावर आमच्या फोमच्या विमानाने स्वयंचलित उड्डाणात दोनदा, एकाच ठिकाणी, काहीही कारण दिसत नसताना नाक खाली घातले. दोन्ही वेळा रिमोट हातात असल्यामुळे विमान वाचले. परंतु खरे कारण सापडायला तीन रविवार लागले आणि त्यांतले पहिले दोन मी उंची सांगणाऱ्या सेन्सरच्या, म्हणजे बॅरोमीटरच्या, मागे लागून घालवले. बॅरोमीटर अगदी निर्दोष होता असे नाही. त्याचा दोष वेगळा आणि लहान होता, आणि तो सापडल्यामुळेच मी मोठ्या दोषापर्यंत आणखी एक आठवडा उशिरा पोहोचलो.

विमान साधेच आहे. पंखांचा विस्तार १.८ मीटर, वजन दोन किलोच्या आत, पोटात पिक्सहॉक जातीचा ऑटोपायलट, त्यावर आर्डूपायलट हे मुक्त सॉफ्टवेअर आणि जमिनीवर लॅपटॉपमध्ये उड्डाणाचा आराखडा आखणारे मिशन प्लॅनर. घर बेळगावात असले तरी उडवायला आम्ही खानापूर तालुक्यातल्या आमच्या शिवारात जातो. शहराच्या पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र आहे, शहरात लष्कराची छावणी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रातही (जेथे वेगळी परवानगी लागत नाही) जमिनीपासून १२० मीटरच्या वर जाता येत नाही आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा ६० मीटरवर येते. त्यामुळे तासाभराचा प्रवास परवडतो. शिवाराची उंची समुद्रसपाटीपासून ६६५ मीटरच्या जवळपास आहे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गंमत त्याच्याभोवती फिरते.

त्या दिवशी सात वेपॉइंटांचे, म्हणजे विमानाने क्रमाने गाठायच्या सात ठिकाणांचे, मिशन होते. उड्डाण, बांधाच्या कडेने तीन टप्पे, चौथ्या वेपॉइंटवर दोन घिरट्या, मग परतीचे टप्पे आणि उतरणे. पहिल्या चार ठिकाणी उंची ८० किंवा ९० लिहिलेली होती. पहिले तीन टप्पे विमानाने रेघ मारल्यासारखे पार केले. तिसरा वेपॉइंट ओलांडून चौथ्याकडे वळताच मोटरचा आवाज पडला आणि विमान नाक किंचित खाली करून, अजिबात न डगमगता, शिस्तीत उतरू लागले. शेजारच्या शेतातले तात्या बांधावर बसून पाहत होते. माझ्याआधी त्यांच्याच लक्षात आले. ‘ओ, ते खाली येऊलालंय की!’ असे ते ओरडले तेव्हा मी मोड बदलून विमान हाती घेतले. त्या वेळी विमान जमिनीपासून तीसेक मीटरवर असावे. सेकंदाला चार-पाच मीटर या वेगाने ते उतरत होते, म्हणजे आणखी सहा-सात सेकंदांचा प्रश्न होता.

त्या ‘शिस्तीत’ या शब्दातच खरे म्हणजे निदान होते, पण मला ते तेव्हा कळले नाही. सेन्सर बिघडला, तर विमान सहसा असे वागत नाही. त्याची उंची उड्या मारते, मोटर कमीजास्त होते, नाक वरखाली डुलते. शांतपणे, ठरवून खाली जाणारे विमान हे आज्ञाधारक विमान असते. त्याला खाली जायला कोणीतरी सांगितलेले असते. मी मात्र घरी येऊन स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

बॅरोमीटरवर माझा संशय जाण्याचे कारण जुने होते. आमचे विमान वेगात असताना ठरवल्यापेक्षा थोडे उंच उडते, हे मला आधीपासून जाणवत होते. आर्डूपायलट उंचीसाठी मुख्यतः बॅरोमीटरवर विसंबतो, आणि बॅरोमीटर उंची मोजत नाही, तो हवेचा दाब मोजतो. आमच्या पठाराच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण नऊ मीटर उंची. आता सेकंदाला १६ मीटर वेगाने समोरून येणारी हवा पूर्णपणे अडवली, तर तिचा जो जादा दाब तयार होतो तो सुमारे १.४ हेक्टोपास्कल भरतो, म्हणजे उंचीच्या भाषेत बारा-तेरा मीटर. विमानाच्या नाकाला मी बॅटरी थंड राहावी म्हणून दोन भोके पाडली होती आणि हवा बाहेर जायला शेपटीजवळ जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट ठेवली होती. त्यामुळे वेग वाढला की पोटात हवा तुंबायची, दाब वाढायचा, बॅरोमीटरला वाटायचे की आपण खाली आलो, आणि ऑटोपायलट बिचारा विमानाला वर चढवायचा.

हे लॉगमध्ये, म्हणजे ऑटोपायलटने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदींत, स्वच्छ दिसते. एकाच उंचीवर सावकाश आणि जलद असे दोन फेरे मारायचे आणि बॅरोमीटरची उंची व जीपीएसची उंची एका आलेखावर काढायची. जीपीएसची उंची स्वतः काही मीटरने चुकते, पण ती हवेच्या वेगाबरोबर चुकत नाही. माझ्या आलेखात जलद फेऱ्यात दोन रेषांमधले अंतर आठ मीटरने वाढत होते आणि वेग उतरला की परत मिटत होते. मी मागची वाट नाकाकडच्या भोकांपेक्षा मोठी केली, सेन्सरवर मऊ फोमचा तुकडा बसवला, त्यामुळे उन्हाचा थेट झोतही अडला (काही जातींचे दाब-सेन्सर प्रकाश पडला की वेडेवाकडे आकडे देतात, हे मला आधी एका उघड्या बोर्डाने शिकवले आहे), आणि फरक दोन मीटरच्या आत आला.

दुसऱ्या रविवारी मी मोठ्या समाधानाने तेच मिशन पुन्हा उडवले. विमानाने पुन्हा चौथ्या वेपॉइंटकडे वळून तसेच नाक खाली घातले.

आठ मीटरची चूक दुरुस्त करून साठ-सत्तर मीटरची चूक जाईल, ही अपेक्षा आता मलाच हास्यास्पद वाटते. शिवाय आमची सेन्सरची चूक विमानाला वर नेत होती, खाली नव्हे. तिसऱ्या आठवड्यात मी विमान उघडले नाही. फक्त लॉग उघडला आणि विमान कुठे होते हे न पाहता, त्याला कुठे जायला सांगितले होते हे पाहिले. ऑटोपायलट प्रत्यक्ष उंची आणि अपेक्षित उंची अशा दोन्ही नोंदी ठेवतो. तिसऱ्या वेपॉइंटपर्यंत दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून होत्या. त्यानंतर अपेक्षित उंचीची रेषा कागदाबाहेर खाली निघून गेली होती. चौथ्या वेपॉइंटवर तिचा पल्ला होता वजा ५७५ मीटर. आमच्या शिवाराखाली पाचशे पंचाहत्तर मीटर!

९० मधून ६६५ वजा केले की हाच आकडा येतो. चौथ्या वेपॉइंटची ‘९० मीटर’ ही उंची शिवारापासून नव्हती, समुद्रसपाटीपासून होती.

मिशनची फाइल साध्या मजकुराची असते. ती कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत फाइलचा प्रकार, पुढे प्रत्येक वेपॉइंटला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत बारा रकाने. अक्षांश, रेखांश आणि उंची शेवटाकडे असतात, म्हणून नजर तिकडेच जाते. पण उंची कशापासून मोजायची ती चौकट, म्हणजे उंचीचा अर्थ, ठरतो तिसऱ्या रकान्यात. तेथे ३ असेल तर उंची ‘होम’पासून, म्हणजे विमान जेथे आर्म केले (मोटर उड्डाणासाठी मोकळी केली) त्या जागेपासून मोजायची, ० असेल तर समुद्रसपाटीपासून, आणि १० असेल तर वेपॉइंटच्या खालच्या जमिनीपासून. माझ्या फाइलमध्ये वेपॉइंटांच्या बाकी सगळ्या ओळींना ३ होते आणि चौथ्याच्या ओळीला ०. एक सावधगिरीची सूचना येथेच देतो: अगदी वरच्या, होमच्या ओळीला नेहमी ० असते आणि ते बरोबरच असते, कारण होमची उंची समुद्रसपाटीपासूनच लिहितात. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. मी गेलो होतो.

ते शून्य आले कोठून, याचे उत्तर घरातलेच निघाले. आमचे मेव्हणे कोकणात, मालवणच्या बाजूला असतात आणि त्यांचे विमान आमच्यापेक्षा जुने आहे. घिरट्यांची त्रिज्या आणि फेऱ्यांची संख्या त्यांनी फार छान जुळवलेली असल्यामुळे मी त्यांच्या फाइलमधली ती एक ओळ उचलून, फक्त अक्षांश-रेखांश बदलून, माझ्या मिशनमध्ये डकवली होती. उपग्रह नकाशावरच्या उंचीशी ताळा लागावा म्हणून ते पहिल्यापासून सर्व उंच्या समुद्रसपाटीपासून लिहितात. त्यांचे मैदान समुद्रापासून जेमतेम बारा मीटर उंच आहे. त्यामुळे त्यांनी ९० लिहिले की विमान जमिनीपासून ७८ मीटरवर उडते आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. चौकटीची हीच गफलत उलट दिशेने केली तरी किनाऱ्यावर ती पोटात जिरते. तीच ओळ आंबोली किंवा चोर्ला घाट चढून आमच्याकडे आली की तिच्यात साडेसहाशे मीटर मिसळतात. मैदानी प्रदेशातल्या किंवा किनाऱ्यावरच्या लोकांनी लिहिलेल्या सूचना वाचताना पठारावरच्या माणसाने म्हणूनच जरा जास्त चिकित्सक असावे, असे माझे मत झाले आहे. त्या सूचना खोट्या नसतात, पण त्यांच्या लेखकांना ही चूक भोवलेली नसते.

मेव्हण्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते आधी हसले आणि मग गप्प झाले, कारण पुढच्या महिन्यात ते स्वतःचे विमान घेऊन आमच्याकडे यायचे होते.

यानंतर उंचीच्या प्रत्येक आकड्याला ‘कशापासून?’ असे विचारण्याची मला सवय लागली, आणि तशी लागल्यावर आणखी दोन-तीन जागा उघड्या पडल्या. पहिली होमची. मिशन आखताना नकाशावर आपण जे होम ठेवतो ते केवळ आखणीपुरते असते. विमानाचे खरे होम आर्म करतानाच्या जागी ठरते. मी घरी बसून होम नदीकाठच्या सखल खाचरात धरले होते आणि मिशन प्लॅनरमधल्या उंची पडताळण्याच्या सोयीने प्रत्येक वेपॉइंटच्या उंचीत तिथल्या जमिनीचा चढउतार त्या खाचराच्या तुलनेत मिळवून घेतला होता. प्रत्यक्षात खाचरात चिखल होता म्हणून आम्ही विमान वरच्या माळावरून सोडायचो, जो अठरा मीटर उंच आहे. म्हणजे संपूर्ण मिशन गुपचूप अठरा मीटर वर सरकलेले होते. १२० मीटरच्या मर्यादेचा हिशेब करणाऱ्याला अठरा मीटर थोडे नव्हेत.

दुसरी जागा घाईची. जीपीएसला नुकतेच उपग्रह सापडलेले असताना आर्म केले, तर होमची समुद्रसपाटीपासूनची उंची वीस-तीस मीटरने चुकीची नोंदली जाऊ शकते. होमपासून मोजलेल्या वेपॉइंटांना त्याचा फरक पडत नाही, कारण तेथे बॅरोमीटर शून्यापासून सुरू होतो. पण ज्या ओळींत समुद्रसपाटी धरली आहे त्या सगळ्या तेवढ्याच सरकतात. आता आम्ही उपग्रह मिळाल्यावरही दोन मिनिटे थांबतो आणि तेवढ्यात चहा होतो.

तिसरी जागा फार लोकांना ठाऊक नसावी आणि ती आपल्या भागात विशेष मोठी आहे. जमीन मोजणीचे काम करणाऱ्या एका परिचिताने त्यांच्या जीएनएसएस यंत्राने (उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या) शिवाराच्या कोपऱ्याची उंची मला काढून दिली, ती निघाली ५९० च्या आतबाहेर. माझे ६६५ आणि त्यांचे ५९०, दोन्ही बरोबर होते. उपग्रहावरून मूळ उंची मिळते ती पृथ्वीच्या गणिती आकाराच्या, म्हणजे विवृत्तजाच्या पृष्ठापासून; आणि समुद्रसपाटी ज्याला म्हणतात तो पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणाप्रमाणे खालीवर होतो. दक्षिण भारत आणि त्याच्याही दक्षिणेचा हिंदी महासागर हा जगातला या दृष्टीने सर्वांत खोलगट भाग आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो खड्डा शंभर मीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे दोन्ही पृष्ठांमधला फरक सत्तर-ऐंशी मीटर असतो. विमानातला जीपीएस तो फरक आपल्या अंतर्गत तक्त्यावरून वळता करून देतो, म्हणून एरवी आपल्याला तो दिसत नाही. पण मोजणीच्या कागदावरचा आकडा उचलून कोणी वेपॉइंटमध्ये समुद्रसपाटीच्या चौकटीत घातला, तर विमान पंचाहत्तर मीटर खाली उडायला जाईल. ताळा करायचा असेल तर रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. खानापूरच्या फलकाकडे मी आयुष्यभर पाहत आलो. तो आकडा वाचला मात्र या वर्षी.

जमिनीपासून उंची धरणारी तिसरी चौकट, म्हणजे तिसऱ्या रकान्यातला १०, आमच्यासारख्या तालुक्याला खरे तर सर्वांत योग्य. खानापूर गाव साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि त्याच तालुक्यात मलप्रभेचा उगम जेथे होतो ते कणकुंबी सुमारे ७९० मीटरवर. पश्चिमेकडे जावे तशी जमीन विमानाच्या पोटाशी येत जाते. या चौकटीसाठी ऑटोपायलट जमिनीच्या उंचीचे तक्ते मेमरी कार्डावर ठेवतो आणि ते नसतील तर लॅपटॉपकडून टेलिमेट्रीवरून, म्हणजे रेडिओच्या दुव्यावरून, मागवतो. तक्त्यांचा पाया आहे २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेली रडार मोजणी. त्या काळी जेथे दाट झाडी होती तेथे रडारने जमिनीऐवजी बऱ्याचदा शेंड्यांच्या आसपासची उंची घेतली, आणि नंतर लावलेली निलगिरी, उभारलेले मनोरे किंवा विजेच्या तारा तिला ठाऊक असण्याचे कारणच नाही. म्हणून मी ती चौकट वापरतो, पण तीस मीटरच्या खाली वापरत नाही आणि निघण्यापूर्वी घरच्या इंटरनेटवर तक्ते कार्डात उतरले आहेत याची खात्री करतो. शिवारात रेंज असते ती तात्यांच्या गोठ्याच्या छपरावर.

दुपारच्या उड्डाणांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज घड्याळासारखा खालीवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि चारच्या सुमारास उतरलेला, फरक साधारण तीन-चार हेक्टोपास्कलचा. आर्म करेपर्यंत ऑटोपायलट शून्य सावरून घेतो, पण त्यानंतर नाही. बाराला सोडलेले विमान चाळीस मिनिटे वर राहिले तर तेवढ्यात त्याची उंची तीन-चार मीटरने सरकते, दाब उतरल्यामुळे त्याला आपण जास्त वर आहोत असे वाटते आणि ते खाली बसते. वर असताना याने काही बिघडत नाही. उतरताना बिघडते, आणि आमचे विमान दोनदा धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर आपटले त्याचे कारण मी तोवर वाऱ्यावर ढकलत होतो.

चौथ्या ओळीतले शून्य खोडून ३ केले, होम माळावर आणले आणि कुंपणाची सोय चालू केली: वर ११० मीटर, उड्डाण झाल्यानंतर खाली २५ मीटर, याच्या बाहेर गेले की विमानाने परत फिरायचे. ही सोय पहिल्यापासून होती. ती चालू असती तर तात्यांना ओरडावे लागले नसते.

तिसऱ्या रविवारी विमान चौथ्या वेपॉइंटवर ९० मीटरवर दोन घिरट्या घालून पुढे निघाले. संध्याकाळी लॉग पाहिला तेव्हा सर्व टप्प्यांवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष उंचीत तीन मीटरच्या आत फरक होता, सहावा सोडून. तेथे विमान अकरा मीटर कमी भरले. पाचवा वेपॉइंट ६० मीटरवर आणि सहावा १०० मीटरवर होता, दोघांमधले अंतर १८० मीटर. सेकंदाला १५ मीटरने ते बारा सेकंदांत कापले जाते आणि आमची मोटर सेकंदाला अडीच मीटरच्या वर चढत नाही, म्हणजे तीस मीटर झाले की वेळ संपली; आणि आर्डूपायलट विमानासाठी वेपॉइंट गाठला की नाही हे फक्त नकाशावरच्या जागेवरून ठरवतो, उंची गाठली की नाही हे पाहत नाही. शिवाय वळणाची त्रिज्या धरून तो वेपॉइंटच्या आधीच वळायला लागतो. सेन्सर ठीक, चौकट ठीक, आज्ञाच अशक्य होती. सहावा वेपॉइंट दीडशे मीटर पुढे, पिंपळाच्या पलीकडे सरकवला आहे. पाऊस लागण्यापूर्वी एक रविवार मिळाला तर उडवून पाहीन.